सातवा फर्मा

बुधवार पेठेतल्या एका बाइंडिंगच्या दुकानात मी तीस वर्षं घड्या मारल्या. छापखान्यातून मोठा कागद येतो, त्याच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं असतात. त्याला फर्मा म्हणतात. तीन घड्या नीट पडल्या की सोळा पानं ओळीनं लागतात. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण त्यानं काही अडत नसे. कडेला कड लावायची आणि घडी बसायला वरून पट्टी फिरवायची.

हेमाताईंची सगळी पुस्तकं माझ्या हातून गेली. त्या कादंबऱ्या लिहायच्या आणि नाटकंही. त्यांचं मोठेपण मला जाडीवरून कळायचं. पहिली कादंबरी आठ फर्म्यांची, दुसरी निळ्या कव्हरची अकरा फर्म्यांची, ‘हौदाकडची खोली’ चौदा. पुरस्कार मिळाला ती बावीस, कापडी बांधणीची. नाटकं सहाच्या पुढे कधी गेली नाहीत. शेवटची पुस्तकं परत बारीक होत गेली.

दुकानात येणाऱ्या लेखिका त्या एकट्याच. पहिली प्रत बघायला यायच्या आणि आम्हा बायकांत बसून चहा घ्यायच्या. मालकानं एकदा सुनावलं की तुम्ही आलात की बायकांचे हात थांबतात. त्या म्हणाल्या, तुमचं तोंड थांबेल तेव्हा हातांचं बघू.

अशाच एका चहाच्या वेळी मी त्यांना माझ्या नाजिमाचं सांगितलं. ती नऊ वर्षांची होती, टायफॉइडनं गेली. मी सांगितलं की ती माझ्या मांडीवर गेली. मी चमच्यानं पाणी पाजत होते, तिनं माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, आणि मग ते बोट सैल झालं. हेमाताईंचा चहा तसाच राहिला.

पुढे घड्या मारायची मशिनं आली आणि आमचं काम गेलं. एकोणसाठाव्या वर्षी मी वस्तीतल्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकले. आधी स्वारगेटला बसच्या पाट्या वाचल्या, मग पेपर. अजूनही शब्दाखाली बोट ठेवूनच वाचते.

दोन वर्षांपूर्वी हेमाताईंची नजर गेली. त्यांची भाची नम्रता वाचून दाखवायची, पण ती बातम्या दिल्यासारखी वाचते, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, तू हळू वाचतेस तेच बरं, मला मध्ये विचार करायला वेळ मिळतो. ‘हौदाकडची खोली’चं त्या नाटक करत होत्या. हे शेवटचं, असं स्वतःच म्हणत. मी रोज दहा-बारा पानं वाचायचे, त्या सांगतील ते नम्रता उतरवून घ्यायची.

त्या पुस्तकाचा प्रत्येक फर्मा मी दुमडला होता, पण वाचत होते पहिल्यांदाच. सातव्या फर्म्यात, एकशे चारव्या पानावर, नाजिमा आली. नाव दुसरं होतं. मांडी, चमचा, पदर तेच. हजार प्रती होत्या. म्हणजे हजार वेळा मी तिच्यावरून पट्टी फिरवली होती.

मी आवाज हलू दिला नाही. पान संपल्यावर ताई म्हणाल्या, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या की नाटकाचा सगळा भार या प्रवेशावर आहे, अजून एकदा वाच. तेव्हा मला जमेना.

“हे खोटं आहे, ताई.”

“कादंबरी आहे, बिलकिस. खऱ्यासाठी पेपर आहे.”

“तुमचं नाही. माझं खोटं आहे. ती माझ्या मांडीवर नाही गेली.”

मग सांगितलं. त्या दिवशी ताप उतरला होता. रविवारी एका पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि फर्मे पडून होते. मालकानं निरोप पाठवला. मी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून गेले. दुपारी तीनच्या सुमारास माझा नवरा कासिम दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना. त्याच्याकडे बघत मी हातातली घडी पूर्ण केली. का केली, ते अजून कळलेलं नाही.

ताईंनी विचारलं, “कोणाचं पुस्तक होतं?”

“तुमचं. निळ्या कव्हरचं.”

त्या म्हणाल्या, आज पुरे. मी घरी आले. तीन दिवस बोलावणं आलं नाही. चौथ्या दिवशी गेले तर त्यांनी वही माझ्या पुढे सरकवली. नम्रता नको, तू लिही, म्हणाल्या. नव्या प्रवेशात आई फर्मे दुमडत बसलेली असते. दारात नवरा येऊन उभा राहतो. ती घडी पूर्ण करते. बोलत कोणीच नाही. चार ओळी होत्या, मला लिहायला अर्धा तास लागला.

नाटक बसवणारा साई नाराज झाला. तो म्हणाला की मांडीचा सीन काढला तर प्ले फ्लॅट होईल, ऑडियन्स त्याच्यासाठीच येणार आहे.

“रडायचं असेल तर घरी रडावं म्हणावं,” ताई म्हणाल्या. “तिकीट पडत नाही.”

प्रयोगाला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मी शेजारी. नटीला घड्या मारायला मीच शिकवलं होतं. तो प्रवेश आला आणि नाट्यगृहात फक्त कागदाचा आवाज राहिला. मागे कोणीतरी खोकलं. एकानं मोबाइल उघडला.

ताईंनी हळूच विचारलं, “रडतंय का कोणी?”

“नाही.”

त्यांनी माझा हात धरला तो पडदा पडेपर्यंत सोडला नाही.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, “नवी आवृत्ती निघतेय. पुस्तकातही दुरुस्त करू.”

मी म्हटलं, “पुस्तकात राहू द्या, ताई.”

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला.

श्रावणात त्या गेल्या. नवी आवृत्ती दिवाळीच्या तोंडावर आली. नम्रतानं एक प्रत घरी आणून दिली. घड्या मशिनच्या, एकसारख्या. मी एकशे चारवं पान उघडलं तर तिथे भलतंच काही होतं. टाइप बारीक केला होता, पानं पुढेमागे झाली होती. मी बोट ठेवून मागे मागे वाचत गेले. एकोणनव्वदाव्या पानावर होती. मांडीवरच होती.