सगळं हिरवं

सासऱ्यांच्या फोटो स्टुडिओत जावयाचा मान मोठा होता, आणि खरं सांगायचं तर त्याने तो फारच थोड्या कष्टात पदरात पाडून घेतला होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी फिल्म धुतली जायची, तिथे त्याने एक काळा डबा आणून ठेवला. डब्यात पाच डिस्क बसवल्या आणि एका सॉफ्टवेअरने त्या जोडून सगळी मिळून एकच भलीमोठी डिस्क असल्यासारखं करून दिलं. "कुठला फोटो कुठल्या डिस्कवर, ही काळजी तुम्ही करायचीच नाही, बाबा," तो म्हणाला. "प्रत्येक फोटोच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. एक डिस्क गेली तरी दुसरी आहे. दहा वर्षं तुम्हाला इकडे बघायला नको." जोडीला दुसरं एक सॉफ्टवेअर घातलं. ते डॉक्टरसारखं दिवसभर डिस्कांची नाडी धरून बसायचं. प्रकृती ठीक असली की हिरवी खूण, बिघडली की लाल.

दहा वर्षं कसली, तीन वर्षांतच जागा भरत आली. नवी डिस्क आणा म्हणावं, तर दहा वर्षांची बढाई त्याचीच. तेव्हा त्याने आपल्या घरी बसून, लांबूनच, दुसरी प्रत ठेवण्याची सोय गुपचूप बंद केली. आधीच्या दुसऱ्या प्रतीही पुसल्या गेल्या आणि जागाच जागा झाली. सासरे खूश. कशी झाली ते त्यांनी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगण्याइतका जावई भोळा नव्हता.

मग एकदा लाल खूण उगवली. सासऱ्यांचा फोन आला तेव्हा जावई आपल्या ऑफिसातल्या साहेबांच्या घरी जेवायला बसला होता. "जावईबापू, एक डिस्क लाल झालीय हो! काही जळलं-बिळलं का?" त्याने टेबलाखाली मोबाइल धरून पाहिलं. डिस्कचा काही भाग वाचता येत नाही, असा इशारा होता आणि त्याखाली एक बटण होतं : 'दुर्लक्ष करा'. साहेबांची बायको वाढत होती. त्याने बटण दाबलं.

"आता बघा, बाबा."

"अहो, झाली की हिरवी! हात न लावता?"

"हो," जावई म्हणाला.

एवढ्या एका 'हो'वर त्याची कीर्ती गावभर झाली. औषधवाला, न्हावी, पासपोर्टचा फोटो काढायला आलेली गिऱ्हाइकं, कुणी म्हणून सुटलं नाही. "आमच्या जावयाने जेवता जेवता डिस्क बरी केली. डाव्या हाताने!" कौतुक ऐकताना जावई मान हलवून 'त्यात काय एवढं' म्हणायचा, आणि ते मात्र अक्षरशः खरं होतं. पुन्हा तसा फोन नको म्हणून त्याने सासऱ्यांना बजावलं, "संगणकावरच्या त्या हिरव्या-लाल खुणांच्या खिडकीकडे तुम्ही बघूच नका. इशारे आता थेट मला मेलवर येतील." ते येत राहिले. तो ते न उघडता बाजूला सारत राहिला.

मग एका रविवारी दुपारी बायकोने त्याला जवळजवळ ओढतच स्टुडिओत नेलं. "बाबांचं काहीतरी बिनसलंय. फोनवर नीट बोलत नाहीत," ती वाटेत म्हणाली.

सासरे मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते. जावयाला पाहिल्यावर ते उठून उभे राहिले, हेच त्याला आधी खटकलं. सासरा जावयासाठी उठतो तो स्वागताला; हे उठणं हेडमास्तरांसमोरचं होतं.

"माझ्या हातून घोटाळा झालाय," ते म्हणाले. "लग्नाचे फोटो पुसले गेले. एका नाही, बऱ्याच लग्नांचे. एकात नवरी आहे तर नवराच नाही. दुसऱ्यात सगळे पाहुणे हसतायत, पण कशाला ते कळत नाही."

"पण तुम्ही कशाला पुसाल?" लेकीने विचारलं.

"रोज निवडायला बसतो ना मी, डोळे मिटलेले फोटो काढून टाकायला. मिटलेले काढता काढता उघड्या डोळ्यांचेही काढत गेलो असणार. आणि गंमत बघ, मला एकही आठवत नाही." ते हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग आम्ही."

त्यांनी सगळं ठरवूनही टाकलं होतं. उद्या विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. कॅमेरे चौकातला दुसरा फोटोग्राफर घेणार होता, तो संध्याकाळी फोन करणार होता. दुकान बंद.

जावई संगणकासमोर बसला. ती खिडकी उघडायला दोन बोटं पुरली. डिस्क सापडत नाही, असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तीच, मागे लाल झालेली डिस्क. ज्या फोटोंची एकुलती एक प्रत तिच्यावर होती, ते सगळे तिच्याबरोबर गेले होते. सासऱ्यांनी एकही फोटो पुसला नव्हता. त्याच्या कानशिलांपासून मानेपर्यंत शेक लागल्यासारखं झालं. मागे सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता. ते चष्मा लावून त्याच्याच तोंडाकडे बघत असणार.

"होतं असं कधी कधी, बाबा," जावई म्हणाला.

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान मेहनत तरी करतो. हे वाक्य त्याने तेवढीही तसदी न घेता टाकलं होतं.

त्याने डबा उघडला. धूळ झाडली, आजारी डिस्क बाहेर काढली, वेगळ्या वायरीने जोडली. ती आधी कुरकुरली, टकटकली, मग कशीबशी जागी झाली. फाइल एकेक करून दुसरीकडे उतरू लागल्या. काही अडखळल्या, थोड्या कायमच्या हुकल्या, पण बहुतेक आल्या. पडद्यावर एक नवरा आला, मग दुसरा. बायकोने हुश्श केलं.

सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले. "पुसलेलं परत आणलंत! बघ गं, मी म्हणत नव्हतो?"

जावयाला वाटलं, संपलं. फोटो आले, नाव राहिलं, कुणाचं काही गेलं नाही. जमाखर्च जुळला. नवी डिस्क आणू, दोन प्रती पुन्हा चालू करू, आणि हा विषय मिटवू.

"मग उद्याचं डॉक्टरांचं रद्द करते," बायको म्हणाली.

"छे, ते कशाला रद्द?" सासरे खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले. "फोटो परत आले, पुसणारा हात तर हाच आहे. दर वेळी जावई किती धावेल? आणि कॅमेरेही जाऊ देत. लोकांच्या आयुष्यातला एक दिवस माझ्या हाती असतो, तो मी असा सांडायला लागलो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि आपली बोटं उलटीसुलटी करून पाहिली, कुणा परक्याची असावीत तशी.

ते पाहणं जावयाला सहन झालं नाही.

"तुम्ही पुसले नाहीत," तो पडद्याकडेच बघत म्हणाला.

"म्हणजे?"

"डिस्क गेली होती. आधीपासून जात होती. लाल आलं तेव्हा मी काही बरं केलं नव्हतं, बाबा, नुसता इशारा दाबला होता. आणि दुसरी प्रत ठेवणंही मीच बंद केलं होतं, जागेसाठी. आल्याआल्या मला कळलं होतं. तरी बोललो नाही."

बायको त्याच्याकडे वळली. "हे बसून ऐकत होतास तू? काकांचं सगळं?" तिचा आवाज चढलाही नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

शिव्यांची तो वाटच बघत होता. शिव्या बसल्या की हिशेब थोडा तरी हलका होतो. पण सासरे त्याच्या खांद्याला धरून, अगदी जवळ येऊन विचारत होते, "म्हणजे मी पुसले नाहीत?"

"नाही, बाबा."

"एकही?"

"एकही नाही."

"मग मला आठवत नव्हतं, ते... आठवायला काही नव्हतंच म्हणून?"

"हो."

सासरे मटकन स्टुलावर बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, मी ठीक आहे! माझं डोकं ठीक आहे! डिस्कचं गेलं होतं!" रागाचा एक शब्द नाही. जावयाला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर ती आनंदाने घेतली असती.

तेवढ्यात चौकातल्या फोटोग्राफरचा फोन आला.

"नाही हो, कॅमेरे देत नाही," सासरे उत्साहाने म्हणाले. "दुकान चालू! फोटो कुणी पुसलेच नव्हते, डिस्क खराब झाली होती. आमच्या जावयाने आज शोधून काढलं." मग ते थोडं थांबले, फोनवर तळवा ठेवला आणि हळूच विचारलं, "जावईबापू, तो विचारतोय, कशी काय खराब झाली? काय सांगू?"

"माझं नाव सांगा," जावई म्हणाला. त्याची मान वर होत नव्हती.

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"आपोआप झाली म्हणे," ते म्हणाले.