मागची जागा

दिनानाथ घरतांना या सगळ्या उद्योगातून मिळणार होतं ते एवढंच: न्यूझीलंडमधल्या कुठल्याशा नदीत, गुडघाभर पाण्यात, मुलाच्या शेजारी उभं राहून घालवलेली एक दुपार. त्यासाठी ते पनवेलच्या आपल्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीकडे पाठ करून, रोज सकाळी मासेमारीच्या रॉडने हवेला फटके मारत होते. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा होता.

"गुंडाळली परत दोरी टीव्हीच्या डिशला," सुकट वाळत घालता घालता त्यांची बायको कुमुद म्हणाली.

"मनगट वळतंय. पुस्तक म्हणतं, पुढे घड्याळातल्या दहावर थांबायचं, मागे एकवर थांबायचं. मागची दोरी सरळ झाली की मगच पुढे."

"नि मासा किती वाजता येतो?"

जासईच्या कंटेनर यार्डात कारकुनी करून निवृत्त झालेल्या दिनानाथांचा छापील गोष्टीवर फार विश्वास. इंग्रजी पुस्तकं मागवली होती तीन. त्यातल्या पहिल्यात लिहिलं होतं, कोपर उडत असेल तर काखेत एक पुस्तक धरावं. म्हणून पहिलं कठड्यावर उघडं आणि दुसरं काखेत.

"तिसरं डोक्यावर ठेवा," कुमुदने सुचवलं.

मुलगा हृतिक तिकडे न्यूझीलंडला दर सुट्टीला सासऱ्याबरोबर मासे धरायला जायचा. पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर अलगद टेकवायची, असा तो प्रकार. फोटो यायचे. दोघं हसत असायचे. तिकिटं पाठवली तेव्हा हृतिक म्हणाला होता, "बाबा, तुम्ही काठावर निवांत बसा. आपण खुर्ची नेऊ."

ती खुर्ची दिनानाथांना फार बोचली होती.

बोचणारच. त्यांचे वडील खाडीत पाग टाकायचे. ते गोल जाळं त्यांच्यासारखं कुणाला उलगडता येत नसे. लहानपणी हृतिक आजोबांच्या मागे लागायचा, तेव्हा दिनानाथांनीच त्याला दंडाला धरून घरी आणलं होतं. "चिखलात काय ठेवलंय? अभ्यास कर." पोराने अभ्यास केला. आता त्याच्याबरोबर पाण्यात उतरायचं तर व्हिसा लागत होता. शिवाय दिनानाथांचं स्वतःचं मनगट अजून पागाचंच होतं, वळायचं आणि सोडून द्यायचं. पुस्तक म्हणत होतं, थांब.

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांना खरं पाणी हवं झालं. जासईकडे एका बंद पडलेल्या खाणीत बारमाही पाणी असतं. लोकर काढून त्यांनी खरी माशी बांधली, गळासकट. कुमुद टोपली घेऊन निघाली.

"टोपली कशाला? हा मासा धरून सोडून द्यायचा असतो."

"सोडायचा? मग त्याला बोलावता कशाला?"

पाण्याशी आल्यावर ती आपसूक मागे जाऊन उभी राहिली. पाग टाकणाऱ्याच्या घरची बाई तिथेच उभी राहते, जाळं फिरायला जागा सोडून चार-पाच पावलं मागे. पुढे आली तर सावली पाण्यात पडते. दिनानाथांची आई जन्मभर तिथे उभी राहिली होती. त्यात त्यांना वावगं वाटावं असं काहीच नव्हतं. प्रत्येक वेळी आधी मागे वळून बघा, हे वाक्य पुस्तकात होतं. त्याखाली त्यांनी लाल रेघही मारली होती. पण गच्चीवर मागे टाकी असायची, आणि टाकीने कधी तक्रार केली नव्हती.

पहिली दोरी सुरेख गेली. सरळ, हलकी, पुस्तकातल्या चित्रासारखी.

"बघितलंस?"

"बघितलं. आता उगाच फुशारू नका."

दुसऱ्यांदा दोरी मागे गेली, एकवर थांबली. पुढे मात्र येईना. मनगटच ढिलं पडलं असणार, असं वाटून दिनानाथांनी ते आवळलं आणि जोर लावला.

"अवो," कुमुद अगदी हळू म्हणाली. "ओढू नका."

गळ काढायच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं की कुमुदच्या डोळ्यात गॅस भरलाय, तो विरेपर्यंत विमान नाही. आणि दिसेल का, हे आत्ता विचारू नका.

हृतिकचा फोन कुमुदनेच घेतला. "खाणीकडं गेलो होतो. बाभळीचा काटा लागला." फोन मागायला दिनानाथांनी हात पुढे केला, तर तिने तो दुसऱ्या कानाला लावला. "नाय रे, बाबा येतील. मी मागून येईन."

फोन ठेवल्यावर दिनानाथ म्हणाले, "मी जात नाही."

"का?"

"का म्हणजे? कोणत्या तोंडाने जाऊ?"

"हाय त्याच." तिने पट्टी सारखी केली. "तुमी नाय गेलात, तर माझा डोळा फुकट गेला."

यावर पुस्तकात काही नव्हतं. दिनानाथ गेले.

कुमुदच्या सोबतीला बहीण भामा येऊन राहिली. पहिला फोटो आला तेव्हा तिनेच फोन कुमुदच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. थंडगार दिसणारी नदी. गुडघाभर पाण्यात बापलेक खांद्याला खांदा लावून. खुर्ची कुठे दिसत नव्हती. हृतिकची नजर पाण्यावर. दिनानाथांचा हात वर, मनगट घट्ट, आणि मान पूर्ण मागे वळलेली. मागे नुसते दगड होते.

"मासा पुढं, नि भावजी कुटं बघतात गं?" भामा म्हणाली.

"बरोबर बघतात."

दुपार दिनानाथांना मिळाली होती, बाप हृतिकला. त्याची किंमत कुमुदने भरली होती. सुकटीची टोपली कमरेवर घेऊन, कठडा चाचपत, ती एकेक पायरी गच्चीकडे चढू लागली.