तबकडीत मावेल एवढं

"मास्तर, यंदा वाजवाले नाही, जेवाले या," रंगराव म्हणाला आणि गुलाम रसूलच्या हातातलं क्लॅरिनेट पुसायचं फडकं तसंच राहिलं.

रंगरावच्या मुलीचं, रुख्मिणीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. धामणगाव बढेत लग्न म्हटलं की गुलाम रसूलचा बँड ठरलेला. या वेळी रंगरावने मलकापूरहून लाउडस्पीकर बोलावला होता.

"तुमचंच रेकाड लावून राह्यलो ना. या वयात तुमाले काऊन तरास द्याचा?"

रंगराव हे मनापासून बोलत होता. म्हणून तर रागावताही येईना.

उभी हयात या बँडने सिनेमाची गाणी उचलून वाजवली. उतारवयात गुलाम रसूलला स्वतःचं काही सुचलं: पाठवणीची धून. अंगणात खेळणाऱ्या मुलीपासून सुरू व्हायची आणि हळूहळू घर सोडायची. तिच्यापायी ढोलवाला तुळशीरामसुद्धा हलक्या हाताने वाजवायला शिकला, आता बोला! मुंबईला तिची तबकडी निघाली. तिथल्या कंपनीच्या साहेबाने तबकडीत मावेल एवढंच वाजवा म्हणून सांगितलं, यांनी तेवढंच वाजवलं. बँड आता पिकला, असं लोक कौतुकाने म्हणाले आणि घरोघरच्या लग्नांत तबकडी लावू लागले. बँडला बोलावणं येईनासं झालं. निदान रुख्मिणीची पाठवणी तरी आपण वाजवू, एवढी एकच आस गुलाम रसूलला उरली होती.

तो जेवायला गेला. बँडचा लाल कोट घरीच ठेवला.

पाठवणीला तबकडी लागली. रुख्मिणी आईच्या गळ्यात पडली ती सुटेचना. बँड असता तर आईचे हात सैल होईपर्यंत तिथेच घुटमळला असता. तबकडी संपली. नुसती सुईची खरखर आणि रडणं ऐकू येऊ लागलं.

रंगराव धावत आला. "मास्तर, पुढचं वाजवा ना."

"क्लॅरिनेट घरी हाये, रंगराव. तुमी जेवाले बलावलं होतं."

लाउडस्पीकरवाल्याने गडबडून सुई पुन्हा सुरुवातीला टेकवली. रुख्मिणीला दमणीत बसवलं, बैल चालू लागले, आणि डोळे पुसणाऱ्या रुख्मिणीच्या मागे अंगणातला खेळ वाजू लागला. गुलाम रसूलला स्वतःपेक्षा पोरीचंच जास्त वाईट वाटलं.

नवरीला बँडने वेशीपर्यंत पोचवायचं, ही गावची रीत. तो दमणीमागे वेशीपर्यंत चालत गेला. वाटेत हात कुठे ठेवावेत, हे काही त्याला कळेना.