कपाटातला हत्ती

मी एक जुना टॉवेल आहे. मित्रांनो, टॉवेलाचं कसलं आलंय चरित्र, असं म्हणून पान उलटू नका. मी सहा वर्षं पंधरा मजली जहाजावर काढली आहेत. जहाज कसलं, तरंगतं गावच ते. सुट्टीला आलेली माणसं स्वतःचीच खोली शोधत लांबलचक बोळांतून फिरत राहत.

आमच्या मजल्यावरच्या खोल्या आवरणाऱ्याला सगळे मामा म्हणत. दोन लेकींचा बाप, पण वर्षातले नऊ महिने पाण्यावर. पाहुणे जेवायला गेले की मामा रोज न्हाणीघरातला एक टॉवेल घेत, त्याचा ससा नाहीतर हंस करत आणि पलंगावर ठेवत. मी हत्ती व्हायचो. पाहुणे माझा फोटो काढत आणि लगेच मला ओला करून कोपऱ्यात भिरकावत. वाईट वाटायचं, पण करतो काय.

एकदा माझ्या खोलीत एक आजी-आजोबा आले. आजींनी चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या होत्या. माझ्या सोंडेवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "माझ्या घडीकडे जन्मात कुणी वळून पाहिलं नाही. ही घडी मी मोडणार नाही." त्यांनी मला अलगद कपाटात ठेवलं. माझा ऊर भरून आला.

मागोमाग ससा आला, हंस आला, माकडही आलं. वापरलेला टॉवेल धुवायला टाकला तरच नवा मिळे, असा जहाजाचा नियम. मामा पाहुण्यांच्या कपाटाला हात लावत नसत. पाचव्या दिवशी न्हाणीघराची दांडी रिकामी झाली. आजोबांनी सदऱ्यानेच अंग पुसलं आणि आजींना न सांगता, शिंकत शिंकत तक्रार करून आले.

तासाभरात मामांचे मोठे साहेब त्यांना घेऊन दारात उभे.

"चार टॉवेल गायब," साहेब मामांना म्हणाले. "पुढच्या बंदरावर उतरा आणि घरी जा."

"मी खोलीत ठेवले होते, साहेब," मामा म्हणाले.

आजोबा गोरेमोरे झाले. "अहो, मी नुसता टॉवेल मागायला गेलो होतो."

आजींनी कपाट उघडलं. "मी लपवलेत. यांचा काही दोष नाही."

साहेब माकडाकडे बघत राहिले. "ही तर खेळणी आहेत. टॉवेल कुठे आहेत?"

आजींनी मला उचललं. त्यांनी सोंड ओढली, कान सोडले, पाय उलगडले आणि मला साहेबांपुढे धरलं. मग ससा, हंस, माकड. साहेब खाकरले. "मामा, कामाला लागा," म्हणाले आणि गेले.

"तुमची मेहनत मी मोडली हो," आजी मामांना म्हणाल्या.

"मोडली म्हणून तर उद्या पुन्हा करता येईल," मामा म्हणाले.

त्या दिवशी आजींनी न्हाऊन केस माझ्याने पुसले. "अगं बाई, किती मऊ आहे हा," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता माझे तुकडे झालेत आणि मी जिन्याचे कठडे पुसतो. मित्रांनो, चांगल्या वस्तू नुसत्या झाकून ठेवू नका. वापरा, धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा वापरा. फक्त घडी मोडण्याआधी, ती ज्याने घातली त्याला दोन शब्द बोला.