आकडा खरा, जागा खोटी

"चुलीला लाकडं संपली काय गो, म्हणून वही जाळतंस?"

गुणाबाईने नातीच्या हातातून वही हिसकावली, तोवर चार पानं राख झाली होती. पाचव्याची कड लाल होऊन आत सरकत होती, ती तिने तळहातानेच विझवली. दोन दिवस रेश्मा जेवली नव्हती, बोलली नव्हती, आणि आता तिचे डोळे कोरडे ठाक होते. रडणारी पोर गुणाबाईला समजत असे. ही न रडणारी तिला नवीन होती.

"बोल. कोणी काय केलं?"

"मॅडम बोलल्या, मी आकडे घरी बसून बनवले. समद्या वर्गासमोर बोलल्या. शनिवारी वर्गातले पंधरा जण आले होते, आजे. गाळाच्या डोहावर सकाळपासून बसले. आमिष टाकलं, पिंजरा लावला. एक वाम दिसली नाय. शेपूट पन नाय."

गुणाबाई वहीवरची राख झटकत राहिली. एरवी तिने मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

रेश्मा शहापूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. मेजर विषय रसायनशास्त्र, आणि मायनर म्हणून तिने घेतलं होतं पर्यावरण, सागरी विज्ञान आणि धोरण. एवढं लांबलचक नाव ऐकून गाव हसलं होतं. वाशिंदच्या कारखान्यात जाणारा तिचा बाप दामू म्हणाला होता, "दर्या कुठं हाय आपल्याकडं? पावसात खाचरं भरतात त्यो काय?" पण मेजर-मायनर म्हणजे काय, असं आजीने विचारलं तेव्हा रेश्माने सांगितलं होतं, "मेजर म्हणजे खाचरातलं भात. मायनर म्हणजे बांधावरची तूर."

"मग तूर सोडू नको," गुणाबाईने निकाल दिला होता. "भात बुडालं त्या साली तुरीनंच जगवलं आमाला."

आणि त्या विषयातूनच रेश्माने घरी एक नवल आणलं. ओढ्यातली वाम, ती मांडीएवढ्या जाडीची, सापासारखी लांब मासळी, जन्मते समुद्रात. दोऱ्याएवढी असताना खाडीतून नदीत, नदीतून ओढ्यात चढत येते. इथे वीस-वीस वर्षं वाढते आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जाते.

"म्हंजे बाळंतपणाला म्हायेरी जाते," गुणाबाई म्हणाली होती. "शहाणी हाय."

"परत येत नाय पन. तिथंच मरते."

"म्हायेरी मेलेली बरी."

रेश्माने यावरच प्रकल्प घ्यायचं ठरवलं. आपल्या ओढ्यात अजून किती वामी आहेत, ते मोजायचं. तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "आजे, कुठं हायत गो? किती?"

त्या उघड्या वहीनेच घात केला.

पंचवीस वर्षांपूर्वी अशीच वही घेऊन दोन माणसं आली होती. कुठली, कोणाची, कोणी विचारलं नाही. शर्ट खोचलेली होती, एवढं पुरे झालं. गुणाबाईचा नवरा लडकू त्यांना मोठ्या हौसेने जलदेवता आसरांच्या डोहावर घेऊन गेला. तिथल्या वामी देवाच्या. सर्वपित्रीला पितरांच्या नावाचा भात लडकूच्या घराण्याने त्यांना घालायचा, आणि गावातल्या कुणी तिथे गळ टाकायचा नाही. माणसांनी वामी मोजल्या, लिहून घेतल्या, चहा पिऊन गेली. आठव्या दिवशी डोहात जिलेटिनच्या कांड्या फुटल्या. फोडणाऱ्यांनी मोठ्या वामी पोत्यात भरून नेल्या. उरल्या त्या पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. लडकूने त्या पाटीत भरून आणल्या आणि शेतात पुरल्या. त्यानंतर मरेपर्यंत तो पाण्याकडे गेला नाही. लिहून नेणारे आणि फोडणारे एकच होते का, हे कधी कळलं नाही. गुणाबाईला ते कळायची गरज नव्हती.

चार वर्षांनी लाकडं तोडायला ती वर कड्याखाली गेली, तेव्हा कपारीतल्या लहानशा डोहात तिला एक काळी पाठ हललेली दिसली. तिने फडक्यातल्या भाकरीचा तुकडा टाकला. तीन वामी वर आल्या. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. भोळ्या माणसाला गुपित सांगणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं.

म्हणून वही पुढे आली तेव्हा ती पटकन म्हणाली होती, "गाळाच्या डोहात. अकरा हायत. लिही."

आकडा खरा होता. दर अमावास्येला ती मोजत होती. जागा तेवढी खोटी. गाळाच्या डोहाचा तळ कधी दिसत नाही, तिथे काय शोधायचं ते शोधा. पोरीचा कागद भरेल, वामी वाचतील. एवढा सोपा हिशेब होता.

रेश्मा चार रविवार त्या गढूळ पाण्याशी बसली. तिला काही दिसलं नाही. पण आजीचा शब्द आजवर कधी खोटा निघाला नव्हता, म्हणून तिने वहीत लिहिलं, 'मी स्वतः अकरा वामी पाहिल्या.'

वही जळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाईने नवं लुगडं नेसलं आणि नातीला पुढे घालून शहापूरची एसटी धरली. कॉलेजच्या शिपायाने अडवलं तेव्हा ती म्हसा गावच्या जत्रेत बैल घेऊन बसावं तशी दारातच मांडी घालून बसली.

"उठा आजी, हितं बसायचं नाय."

"मग खुर्ची आन. नायतर तुज्या मॅडमला आन."

जयश्री मॅडम आल्या. पोरगेल्याच होत्या, डोळ्यांखाली जागरणाची काजळी. हात धरून गुणाबाईला आत नेलं, पाणी दिलं. गुणाबाईने पेल्याला हात लावला नाही.

"माज्या नातीला खोटारडी बोल्लात ते कुठल्या तोंडानं? तुमच्या वयाची वाम हाय तिथं, ठावं हाय?"

"आजी, वाम नाही मिळाली म्हणून मी रागावले नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मासा असतो, नसतो. पण हिने 'मी स्वतः पाहिल्या' लिहिलंय. आणि तिने पाहिल्या नव्हत्या. विचारा तिला."

गुणाबाईने मान वळवली. रेश्मा भिंतीकडे बघत होती.

म्हणजे घरून बांधून आणलेलं भांडण इथे चालणारच नव्हतं. गुणाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. राग कुणावर काढावा ते समजेना. समोरची बाई खरं बोलत होती आणि खरं बोलणाऱ्याशी भांडायची तिला सवय नव्हती.

"हिनं पाह्यल्या नाय," ती शेवटी म्हणाली. "मी पाह्यल्या. अकराच हायत. पन गाळाच्या डोहात नाय. हिला मी खोटी जागा सांगितली."

रेश्माने भिंतीवरून नजर काढली.

मॅडम पुढे वाकल्या. "मग खरी जागा दाखवा ना आजी! मी येते तुमच्याबरोबर. हिने पुन्हा मोजणी करायची, सगळं नीट होईल. किनाऱ्यावरच्या अभ्यासदौऱ्यातून हिचं नाव काढलंय, तेही परत घालते."

"दाखवली, तर कागदावर लिवाल?"

"जागा लिहावीच लागते. नकाशावर खूण करून अहवाल विद्यापीठात जातो."

"तिथं कोन वाचतो?"

"कोणीही वाचू शकतं. त्यासाठीच असतो तो."

"कोनीही!" गुणाबाई ताडकन उठली. "एकदा कोनीही वाचलं होतं, बाई. माज्या नवऱ्यानं पाट्या भरभरून पुरल्यात. तुमी लिवता चांगल्यासाठी, पन कागदाच्या राखनीला बसतं काय कोन तुमच्यातलं? कागद वाऱ्यावर जातो नि सुरुंग आमच्या पान्यात फुटतो!"

"आपण संरक्षणासाठी अर्ज करू..."

"साठ घरांचा गाव हाय माजा. त्याला डोह वाचवता नाय आला, तुमचा अर्ज काय वाचवील?"

"कदाचित नाही वाचवणार," मॅडम म्हणाल्या. गुणाबाईने कोरा कागद मागितला. रेश्माला लिहायला सांगितलं आणि रेश्मा हलेना तेव्हा मॅडमनीच लिहिलं : 'नातीला मी खोटं सांगितलं. दोष माझा आहे.' दुसरीपर्यंत शिकलेल्या गुणाबाईने खाली एकेक अक्षर कोरून सही केली. सत्तर वर्षांत तिने कुणाची माफी मागितली नव्हती, सासूचीही नाही.

"हा कागद मी वर्गात वाचून दाखवीन," मॅडम म्हणाल्या. "पण गुण देता येणार नाहीत, आजी. पुढच्या सत्रात नवा प्रकल्प करू दे तिला."

परतीच्या एसटीत रेश्मा खिडकीशी बसली. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "डोहावर आलेल्या त्या दोघांत नि माज्यात तुला फरक दिसला नाय?"

"वही तशीच होती गो."

"वही तशी होती. मी होते ना तिच्यामागं."

गुणाबाईला हजार शिव्या येत होत्या, त्यातली एकही कामाची नव्हती. तिने वर कड्याकडे हात केला. "चल. आत्ता दाखवते. माज्यामागं कोनाला तरी ठावं पायजे. भात कोन घालील त्यांना?"

रेश्मा क्षणभर कड्याकडे बघत राहिली. तिला जायचं होतं. ते तिच्या पायांत दिसत होतं.

"नको," ती म्हणाली. "बघितलं तर लिवावं लागंल. नाय लिवलं तर मी खरंच खोटी ठरंन."

"मी सांगते ना, लिवू नको म्हणून!"

"तेच तर, आजे. तू सांगशील तसं एकदा लिवून झालं."

ती घराच्या वाटेने गेली. पाठ ताठ होती. ती चाल कुणाची, हे गावात कुणीही सांगितलं असतं.

गुणाबाई एकटीच वर चढली. कपारीच्या अलीकडे छातीएवढा खडक लागतो. मागच्या सालापर्यंत ती एका दमात वर जायची. आज गुडघा वर येईना. तिने मागे पाहिलं, वाट मोकळी होती. मग तिने काष्टा खोचला, खडकाला आईवरून शिवी हासडली आणि कोपरं टेकत, घासत, वर गेली.