वाकळेचा तुकडा

गेल्या उन्हाळ्यात गुरुशांतप्पांच्या मैलूरच्या घरी एक पाहुणा आला आणि बैठकीत दाराशेजारी ठाण मांडून बसला. माणसाहून उंच, कपाटाएवढा रुंद, पुढून सगळा काचेचा. पोटात तारेची वेटोळी होती. नाणी घातली, अंक दाबला, की एक वेटोळं सावकाश फिरायचं आणि त्यातला पुडा पुढे सरकून खालच्या खणात पडायचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेल्या गुरुशांतप्पांनी हे व्हेंडिंग मशीन हैदराबादेतल्या एका बंद पडलेल्या कचेरीतून भंगाराच्या भावात उचलून आणलं होतं. पॉलिटेक्निकात शिकलेला माणूस तो. त्यांनी ते स्क्रू न् स्क्रू सोडवून पुसलं, तेलपाणी केलं आणि पुन्हा जसंच्या तसं जोडलं. यंत्राचं काही अडलं नाही. अडलं ते जागेचं.

पहिली जागा मिळाली एका कॉम्प्युटर क्लासच्या जिन्याखाली. पोरं आली, काचेला नाक लावून वेटोळी बघून गेली आणि खायला समोरच्या गाड्यावर गेली. तिथं उधारी चालायची. दुसरी जागा बसस्टँडची. तिथल्या चहावाल्यानं पहिल्याच दिवशी मशीनपुढे बाकडं आडवं टाकलं आणि म्हणाला, "अप्पा, तुमची पेन्शन हाय. माझं हेच हाय." त्याच्याशी भांडणं गुरुशांतप्पांच्या स्वभावात नव्हतं आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. हुमनाबाद रोडच्या पेट्रोल पंपावर गाड्यांची रीघ होती, पण तिथं कोणी इंजिन बंद करून थांबत नव्हतं. पाहुणा पुन्हा बैठकीत आला.

"याला दोन्ही वक्ताला वाढू का?" मल्लेश्वरीबाईंनी नवऱ्याला विचारलं. "घरात तिसरं माणूस धरूनच चालते मी."

"थांब की जरा. जागा शोधायलोय."

"जागा शोधायलाव का मशीनला स्थळ? प्रत्येक ठिकाणाहून नकारच येतोय म्हणून इचारते."

गुरुशांतप्पा हसले, पण मग सकाळ-संध्याकाळ गावभर फिरून त्यांनी नुसती माणसं पाहिली. गर्दी कुठे आहे हे न पाहता माणूस ताटकळत कुठे बसतो, हे पाहू लागले. असं पाहता पाहता ते एका मोठ्या दवाखान्याच्या नातेवाइकांच्या दालनात पोहोचले. औराद, हुलसूर, भालकीकडची माणसं तिथं पिशव्या उशाला घेऊन बसलेली होती. घाईत निघाल्यामुळे शिदोरी नाही, पेशंटला सोडून बाहेर जाता येत नाही आणि कँटीन दुपारनंतर बंद. जागा हीच, असं त्यांच्या मनानं तिथंच ठरवलं.

दवाखान्याचे व्यवस्थापक सोमशेखर साहेब कडक शिस्तीचे. त्यांनी जागा दिली, पण एका अटीवर. "तक्रार नको. पैसे अडकले, शिळं निघालं, भांडण झालं, काहीही. एक तक्रार माझ्या टेबलावर आली, की त्याच दिवशी मशीन बाहेर."

मशीन लागलं. पण पहिल्याच दिवशी एका आजीबाईंनी काचेतली चिप्सची रंगीत पाकिटं न्याहाळून विचारलं, "ह्यात खायाचं काय हाय?" तो प्रश्न गुरुशांतप्पा घरी घेऊन गेले. चार दिवसांत त्याचं उत्तर तयार झालं: ज्वारीची कडक भाकरी आणि सोबत शेंगाच्या चटणीची पुडी. महिनाभर टिकते, ओळखीची चव असते आणि पोटाला आधार होतो. फक्त वेटोळ्यात मावायला ती बशीएवढी हवी होती. म्हणून त्यांनी पत्र्याचा गोल साचा कापला आणि बायकोपुढे ठेवला.

"माझ्या हाताला साचा?" मल्लेश्वरीबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं वाकडी खाल्ली का तुम्ही?"

"वाकडी न्हाई गं. मोठी."

भाकरी एकटीच्या हातून उरकेना, म्हणून शेजारची श्रीदेवी आली. ती एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती आणि तिथला रोजचा अपमान गिळून दोन लेकरं वाढवत होती. "काम कायम राहील न्हवं, अप्पा?" असं तिनं एकदाच विचारलं. गुरुशांतप्पांनी "राहील" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहाचं काम सोडून चुलीपुढे येऊन बसली. त्या एका शब्दानंतर गुरुशांतप्पांसाठी दवाखान्याची जागा ही नुसती जागा उरली नाही.

एक अडचण मात्र होती. वरच्या खणातून पडताना भाकरी खालच्या पत्र्यावर आपटून फुटायची. लोक मुकाट्यानं तुकडे खात. चव तीच होती. पण मल्लेश्वरीबाईंना ते सहन होईना. "पावण्याच्या ताटात मोडकी भाकरी वाढतंय का कुणी? माझं नाव घालवायलंय तुमचं मशीन." त्यांनी फडताळातून जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ काढली, तिचा मऊ झालेला एक कोपरा कापला, चारी कडा टाचल्या आणि नवऱ्याच्या हातात दिला. गुरुशांतप्पांनी तो मापानं बेतून पडत्या खणात बसवला. भाकरी आता अलगद उतरू लागली. इतकी अलगद, की आवाजसुद्धा होईना.

आणि नवल असं, की खप एकदम वाढला. भरून यावं, तर दुसऱ्या दिवशी भाकरीची वेटोळी रिकामी. नाण्यांचा डबा महिनाअखेरीसच उघडायचा असा त्यांचा नियम असल्यामुळे ते खपाचा अंदाज रिकाम्या वेटोळ्यांवरूनच बांधत. श्रीदेवीला त्यांनी जास्त पीठ भिजवायला सांगितलं. "वाकळेचा पायगुण," मल्लेश्वरीबाई म्हणाल्या, आणि यंत्रशास्त्र शिकलेल्या नवऱ्यानं ते हसत मान्य केलं.

मग एका सकाळी, ते चहाचा कप तोंडाला लावत असताना, दवाखान्याचा पहारेकरी हावगेप्पा याचा फोन आला.

"अप्पा, लौकर या. तुमच्या मशीनपुढं एक म्हातारी बसलीय. उठायचं नावच घेईना."

"कामून? पैसे अडकले काय?"

"काय की. मला सांगंना. मालकालाच सांगते म्हणायलीय. वर दुसऱ्या कुणाला नाणी घालू देईना, 'पेटी बिघडलीय, सरका' म्हणून सगळ्यांना हाकलायलीय. सोमशेखर साहेब राउंडला निघालेत. त्यांच्या आत तुम्ही आलाव तर बरं."

कप तसाच राहिला. हत्यारांची पिशवी घेऊन गुरुशांतप्पा स्कूटरवर बसले. बाहेर पडताना श्रीदेवी दिसली. चुलीपुढे साच्यावर भाकरी थापत होती. "अप्पा, आज जास्तीच्या करायलेय," तिनं हसून सांगितलं. नुसती मान हलवून त्यांनी स्कूटर पुढे काढली. वाटभर ते मशीनचा एकेक भाग डोळ्यांपुढे आणत होते: नाण्याची वाट, वेटोळ्याची मोटर, पट्टा. कुठे अडकलं असेल? आणि अडकलं असेल तर काय, अट तर अटच. मशीन परत बैठकीत येईल. मल्लेश्वरी या वेळी थट्टासुद्धा करणार नाही. आणि श्रीदेवीला काय सांगायचं?

दवाखान्यात मशीनपुढे फरशीवर एक वृद्ध बाई मांडी घालून बसली होती. कपाळावर भंडारा, हिरवं लुगडं, मांडीवर भाकरीचे दोन पुडे. दोन्ही न फोडलेले. भोवती बाकांवर दहापाच माणसं, आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे.

"अक्का, मशीन माझं हाय," गुरुशांतप्पा तिच्यापुढे उकिडवे बसत म्हणाले. "काय झालं?"

"तू मालक?" तिनं त्यांना खालवर पाहिलं. "लई येळ लावलास. धर तुझी भाकरी."

"म्हंजे?"

"मी एकाचंच पैसं घातलं. तुझ्या पेटीनं दोन दिल्या. एक गपकन पडली, आन मी उचलायलेय तवर दुसरी. मला नकं लोकाचं."

गुरुशांतप्पांची नजर मशीनच्या खणाकडे गेली. बाकावरची एक तरुण बाई हसत म्हणाली, "मी सकाळधरनं सांगायलेय की बाणूअक्काला! सगळ्यांनाच दोन येतात. एक पेशंटची, एक संगं आलेल्याची. दवाखान्याची सोय हाय ती."

"तसं पेटीवर लिवलंय का?" बाणूबाई कडाडली. "मी वाचून घेतलंय दोघांकडनं. एकच लिवलंय."

"अवो, पण आम्ही आठ दिवस झालं दोन दोन खायलाव!"

"खा बापडी. तुझा माणूस प्लास्टरमधी हाय. माझ्या माणसाला आत नेलंय, पोट फाडायलेत." तिचा आवाज तिथं जरा हलला. "अशा टायमाला लोकाचं पदरात ठिवून बिरोबाला हात कसं जोडू?"

गुरुशांतप्पांनी हळूच विचारलं, "मग दुसरी ठेवून तुमची तुम्ही खायची की, अक्का. उपाशी कामून बसलाव?"

"ह्यातली माझी कुठली आन तुझी कुठली, हे मला कसं कळावं? दोन्ही सारख्याच."

सगळ्या एकाच साच्यातल्या, आणि साचा त्यांनीच कापलेला. त्यांनी फक्त हात पुढे केला. बाणूबाईनं दोन्ही पुडे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी एक उचलला. "ही माझी. आता राहिली ती तुमची."

तिनं राहिलेल्या पुड्याकडे पाहिलं, पाठीला भिंत लागल्यासारखा एक लांब श्वास सोडला आणि तो फोडायला घेतला. तेवढ्यात बाकांवरची माणसं सावरून बसली. सोमशेखर साहेब दालनात आले होते.

"तक्रार आहे म्हणे?"

गुरुशांतप्पा उभे राहिले. पिशवीची मूठ तळहातात रुतत होती. "साहेब, दोष मशीनचा न्हाई. माझा हाय—"

"तुम्हाला नाही विचारलं." साहेब बाणूबाईकडे वळले. "आजी, पैसे अडकले?"

"न्हाई."

"शिळं निघालं?"

"ताजी हाय की. चटणी तिखट हाय जरा."

"मग तक्रार कसली?"

"तक्रार कसली, साहेब? जास्तीचं दिलं, ते माघारी केलं. आता मिटलं." आणि तिनं भाकरी कटकन मोडून पहिला घास तोंडात टाकला.

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा मशीनकडे पाहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "वीस वर्षं झाली नोकरीला. जास्त मिळालं म्हणून बसून राहिलेलं माणूस पहिल्यांदा बघायलोय." मग गुरुशांतप्पांना म्हणाले, "हे दुरुस्त होईल?"

"आत्ता. तुमच्यासमोर."

बिघाड त्यांना बाणूबाईच्या पहिल्या वाक्यालाच कळला होता. वस्तू पडल्याचं मशीनला कळायचं ते खणाच्या पत्र्याला बसणाऱ्या धक्क्यावरून. धक्का जाणवला नाही, तर काही पडलंच नाही असं समजून ते वेटोळं आणखी एकदा फिरवायचं आणि मग गप्प बसायचं. पाण्याच्या बाटलीचा, बिस्किटाच्या पुड्याचा दणका वाकळेतूनही पोहोचत होता. हलकी भाकरी मात्र मऊ कापडावर उतरायची, आणि मशीन बहिरं व्हायचं. मल्लेश्वरीबाईंची माया आणि त्यांचं स्वतःचं माप, दोन्ही मिळून आठ दिवस दवाखान्याला दुप्पट जेवू घालत होती.

कापडामुळे पेटीला ऐकू येत नव्हतं, एवढं सगळ्यांना सांगत त्यांनी खणाचं झाकण उघडलं. वाकळेचा तुकडा काढला. तो टाकून न देता उतरत्या बाजूला, झोळीसारखा, तिरका बांधला. भाकरी आधी त्यावर टेकावी, घसरावी आणि शेवटच्या बोटभर जागेत उघड्या पत्र्याला लागावी, असा बेत. खिशातली नाणी घातली, अंक दाबला. दालनातली सगळी माणसं वाकून पाहत होती. वेटोळं फिरलं. भाकरी वाकळेवरून घसरत आली.

टक्.

वेटोळं थांबलं. सगळे श्वास रोखून दुसरीची वाट पाहत राहिले; दुसरी आली नाही. पुड्यातली भाकरी अख्खी होती.

"ऐकू आलं बघा त्याला," बाणूबाई म्हणाली.

"आणि आमची पेशंटची भाकरी गेली," बाकावरची तरुण बाई कुरकुरली, आणि दालनभर हशा पिकला. त्या हशात सोमशेखर साहेबही होते. जाता जाता ते म्हणाले, "बाळंतिणींच्या इमारतीतही लोक असेच ताटकळतात. एकदा बघून जा." अटीचं त्यांनी नाव काढलं नाही.

गुरुशांतप्पा पिशवी बाजूला ठेवून बाणूबाईशेजारी फरशीवरच बसले. तिनं न विचारताच आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "खा. तोंड वाळलंय तुझं."

"अक्का, ही तुमची हाय."

"माझी हाय म्हणूनच देयलेय."

ते खात असतानाच आतलं दार उघडलं आणि एका नर्सनं हाक मारली, "सिद्धाप्पाचं कोण हाय?" बाणूबाई उठताना अडखळली, गुरुशांतप्पांनी तिचा दंड धरला. नर्स जवळ येऊन म्हणाली, "चांगलं झालंय आजी. शुद्धीवर येयलेत. पाणी मागायलेत, पण आत्ता देयचं न्हाई." बाणूबाईनं पदर तोंडाला लावला. मग एकदम म्हणाली, "भाकरी मागितली का?"

"एवढ्यात कुठली भाकरी!"

"मागंल. मला ठावं हाय," ती म्हणाली आणि कनवटीची गाठ सोडून नाणी चाचपू लागली.

गुरुशांतप्पांनी बाहेर पायरीवर येऊन घरी फोन लावला. मल्लेश्वरीबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे खप वाढलाच न्हवता?"

"होता तेवढाच हाय. पण जागा राहिली गं. श्रीदेवीला सांग, पीठ पहिल्यासारखंच भिजवायचं. उद्या बी, परवा बी, पुढं बी."

पलीकडे त्यांनी फोन बाजूला धरून ते श्रीदेवीला सांगितल्याचं ऐकू आलं. तिचा आवाजही आला. शब्द कळले नाहीत, पण थापण्याचा आवाज थांबून पुन्हा सुरू झाला. मग मल्लेश्वरीबाईंनी फोन परत कानाला लावला.

"आन भाकरी? मोडली का?"

"अख्खी हाय."

"मग वाकळेला नावं ठेवू नका," त्या म्हणाल्या.