बेचाळीस नंबरची फुलदाणी

गाउदेन्झिओची शवपेटी चौकात आली, तशी कास्तेलवेन्तोतल्या दुकानदारांनी रिवाजाप्रमाणे शटरं अर्धी खाली ओढली. ते पाहून एर्सिलियाला चुटपुट लागली. साऱ्या गावाने आपल्या नवऱ्याला मान दिला आणि त्याचंच दुकान तेवढं उघडं!

त्याचं दुकान म्हणजे टेकडीवरचं टीव्ही केंद्र. एक खोली, एक मनोरा, प्रक्षेपणाचं एक यंत्र आणि बेचाळीस नंबरचं चॅनेल. ते त्याला कुणी दिलेलं नव्हतं. रोमचं सरकार चॅनेलं वाटून द्यायचा कायदा वर्षानुवर्षं नुसता चघळत बसलं होतं. तोवर जो आधी बसेल त्याची जागा. म्हणून बसच्या सीटवर रुमाल टाकावा, तसं कार्यक्रम संपले की गाउदेन्झिओ पडद्यावर फुलदाणीचं चित्र लावून ठेवायचा. नऊ वर्षांत ते कधी विझलं नाही. "काय रे, फुलांना पाणी घातलंस का?" म्हणून लोक चिडवायचे.

दवाखान्यातही त्याचा एकच धोशा होता. "मी मेलो तरी यंत्र बंद करू नकोस."

"गप रे, काहीतरीच बोलतोस," म्हणून तिने विषय उडवून लावला होता.

चर्चच्या दारात तिने दिराला गाठलं. "निकोदेमो, वर जा आणि यंत्र बंद कर. दफन होईपर्यंत."

"वहिनी, अहो, दादा काय म्हणाला होता..."

"दोन तासांनी काय आभाळ कोसळतंय? तेवढाही मान नको का त्याला?"

रडणाऱ्या बाईशी वाद कोण घालणार? निकोदेमो गेला.

दुकानदार सोडले तर दफनाला अख्खं गाव लोटलं. टीव्हीपुढे बसायला घरी कुणी उरलंच नव्हतं. परतल्यावर दोघांनी यंत्र सुरू केलं, तर फुलदाणीच्या मागून एक बाई हसत साबणाची जाहिरात करत होती. शहरातलं बडं केंद्र कधीचं टपून बसलेलं होतं.

एर्सिलियाने तिथे फोन लावला. "अहो, आज माझ्या नवऱ्याची अंत्ययात्रा होती हो!"

"ऐकून वाईट वाटलं, बाई. पण चॅनेल रिकामं होतं. आम्ही वेळ लिहून ठेवलीय."

त्यांचं यंत्र दसपट ताकदीचं. फुलदाणी आधी पुसट झाली, मग दिसेनाशीच झाली. वकिलानेही हात टेकले.

"दादा असता तर त्याने शिव्या घातल्या असत्या," निकोदेमो पुटपुटला.

"घालू दे की रे. पण एकदा तरी त्याचं ऐकायला हवं होतं मी."

चौकातली शटरं तर त्याच दिवशी, शवपेटी वळणाआड गेल्याबरोबर पुन्हा वर गेली होती.